उजेडाचं माप

पिशवी उघडण्याआधीच धाकटीला कळलं होतं. ओल्या कपड्यांच्या पिशवीला एक वजन असतं. हिला ते नव्हतं. तरी तिनं हात घालून पाहिलंच. टॉवेलची घडी मोडली नव्हती. पोहायचा निळा पोशाख तिनंच वाळवून गुंडाळून ठेवला होता, तो तसाच्या तसा. नाकाशी नेऊन हुंगला, तर साबणाचा वास आला. तलावाचा नाही.

म्हणजे लेक रोज तलावावर जात होती आणि पाण्यात उतरत नव्हती.

धाकटीनं हे फक्त नणंदेच्या कानावर घातलं. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं लगेच लेकीला समोर उभं केलं असतं, सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "बरं झालं, उन्हात करपत होती पोर." आणि जाऊबाईंना, म्हणजे थोरलीला, सांगायचा प्रश्नच नव्हता. लेकीला तलावावर नेण्या-आणण्याचं काम थोरलीकडे होतं, आणि आपल्या कामात कुणी खोड काढलेली तिला खपत नसे.

नणंद नर्स. हट्टी रोग्यांना औषध पाजण्यात तिचा जन्म गेलेला. ती म्हणाली, "उपदेश करायचा नाही. पोरं ऐकत नाहीत, बघतात. रविवारी सगळे घरी असतात ना? मी एक सिनेमा आणते."

"आणि सोमवारी सकाळी ती गेली नाही तर? पोहण्याचे सर म्हणालेत, चौघींच्या शर्यतीसाठी तिघी ठरल्यात; सोमवारी जी चौथी पाण्यात असेल तीच स्पर्धेत उतरेल."

"तू आधी नखं खायचं थांबव."

म्हणून हा रविवारचा घाट. दुपारची जेवणं उरकली होती. खालच्या मजल्यावरचा स्टुडिओ बंद, वर दिवाणखान्यात पडदे ओढलेले. भिंतभर फोटो. या घरात भिंतीचा रंग कुठला हे कुणाला आठवत नसे, कारण तीन पिढ्यांचे चेहरे तिथे दाटीवाटीनं टांगलेले होते. टीव्हीच्या डाव्या हाताला धाकटीचा लग्नातला फोटो. त्यातली नवरी चांदण्यासारखी उजळ. लेक लहानपणी त्या फोटोकडे बोट दाखवून विचारायची, "ही कोण?" आणि सगळे हसायचे.

मामंजी आपल्या खुर्चीत, सासूबाई दिवाणावर, थोरले भाऊजी फोन मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला. धाकटीचा नवरा जमिनीवर बसून एक जुनी लेन्स मऊ फडक्यानं पुसत होता. त्याचे हात रिकामे राहिलेले कुणी पाहिले नव्हते. आणि लेक, जिला सगळं घर मासोळी म्हणायचं, ती आईजवळ न बसता थेट काकूच्या, थोरलीच्या कुशीत शिरून बसली.

हे धाकटीला खटकलं. एरवी काकू म्हणजे ओरडणारी. आज एकदम कुशीत?

सिनेमा सुरू झाला. गोऱ्यांच्या गावातला एक काळा मुलगा. वाऱ्यासारखा पळतो. चार जणांच्या शर्यतीसाठी त्याला संघात घेतात, पण कपडे बदलायला मात्र बाकीच्यांच्या खोलीत नाही, तळघरात, बंबाशेजारी.

"चक् चक्," सासूबाई म्हणाल्या. "माणसं आहेत का कोण!"

"तळघरात एवढा उजेड कुठून आला?" मामंजी म्हणाले. "खिडकी तर दाखवली नाही."

"बाबा, सिनेमा बघा," नणंद म्हणाली.

"बघतोच आहे. नाकाच्या डाव्या बाजूला सावली आणि लगेच उजव्या बाजूला. या गावात सूर्य दोन आहेत का?"

थोरले भाऊजी फिस्सकन हसले. "बाबांबरोबर सिनेमा बघायचा म्हणजे न्हाव्याबरोबर लग्नाला जायचं. नवरानवरी राहिले बाजूला, हा केस मोजणार."

धाकटीचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. ती लेकीकडे बघत होती. त्या मुलाला हॉटेलातून हाकललं, तेव्हा लेकीनं काकूच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. कुणीतरी त्याच्या बुटांत चिखल भरला, तेव्हा टोक सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं. रडत नव्हती. नुसती बघत होती, डोळे बारीक करून, परीक्षेचा पेपर वाचावा तशी. तलावावर कुणी काही बोललं का हिला? कोण? ती कोपऱ्यात उभी राहणारी उंच मुलगी? की सरच? मनातल्या मनात धाकटीनं तलावावरच्या प्रत्येकाला एकेकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून पाहिलं.

"चहा टाकू?" तिनं विचारलं.

"बस गं खाली," तिघेजण एकदम म्हणाले.

पडद्यावर संघ पहिली शर्यत जिंकला होता. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. मुलं खांद्यांवर हात टाकून उभी राहिली. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून पाहिलं, मान वर केली आणि त्या काळ्या मुलाला म्हणाला, तू जरा बाजूला हो, यांचे कोट धर. मुलगा बाजूला झाला. दोन्ही हातांवर कोटांचा ढीग घेऊन उभा राहिला. दिवा चमकला.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मामंजींनी मान खाली घातली. आपल्याच धंद्यातल्या माणसानं हे करावं हे त्यांना लागलेलं दिसलं.

तेवढ्यात मासोळी म्हणाली, "बाजूला कशाला केलं त्याला? आपल्या बाबांकडे द्यायचा ना फोटो. बाबांनी केला असता त्याला नीट."

सगळे खळखळून हसले. डोळे पुसता पुसता सासूबाईही हसल्या. "बघा हो, काय बोलते! धंदा रक्तात उतरलाय."

"शाब्बास!" थोरले भाऊजी म्हणाले. "आपल्याकडे कुणी कोट धरत नाही. येईल तो उजळून जातो."

हसली नाही ती एक मासोळी. आणि थोरली. ते पाहून धाकटीचं हसू ओठांवरच थांबलं.

थोरल्या भाऊजींना मात्र रंग चढला होता. "अरे, बरी आठवण झाली. आई, तुला बॅनर दाखवायचं राहिलंच. स्पर्धेसाठी मोठं बॅनर आहे, तलावाच्या दारावर लागणार, आख्खा संघ. फोटो आपला, काम आपलं. छापखान्यात गेलंय, संध्याकाळी मशीनवर चढेल. बघ, काय झकास झालंय." त्यांनी फोन आईच्या हातात दिला.

सासूबाईंनी फोन हातभर लांब धरला. निळ्या टोप्या घातलेल्या मुली, मागे तलाव. त्या कौतुकानं एकेक चेहरा बघत गेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा उलट.

"यात आपली कुठली?"

भाऊजी फोनवर वाकले.

"ही ना?" त्यांनी बोट ठेवलं. ते बोट त्या उंच मुलीवर होतं.

"अगं नाही, ती नाही," भाऊजी म्हणाले. "ही बघ, मधली."

"ही?" सासूबाईंनी चष्मा वर केला. फोन जवळ घेतला. समोर बसलेल्या नातीकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे. "ही आपली?"

पडद्यावर शर्यत लागली होती आणि गर्दी ओरडत होती. नणंदेनं आवाज बंद केला.

"मैत्रिणींनी पण हेच विचारलं," मासोळी म्हणाली. ओढणीचं टोक बोटाला इतकं आवळलेलं की बोटाचं पेर पांढरं पडलं होतं. "सरांनी सगळ्यांना दाखवला फोटो. तर त्या म्हणाल्या, ही नवीन मुलगी कोण? आणि मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या."

धाकटीनं मनातल्या पिंजऱ्यातून तलावावरची सगळी माणसं एका झटक्यात सोडून दिली. पिंजरा रिकामा झाला, आणि तो याच खोलीत होता.

"अगं, मी फक्त फोटोवर हात फिरवला," तिचा नवरा म्हणाला. लेन्स आणि फडकं त्याच्या मांडीवर पडलं होतं. "सगळ्यांवरच फिरवतो. घरची पद्धत आहे ती."

"सगळ्यांवर नाही. बाकीच्या आहेत तशाच आहेत."

"तू काळोखात गेली होतीस, राणी. मागून ऊन होतं. तुझा चेहरा दिसतच नव्हता, नुसते दात दिसत होते. मी तुला बाहेर काढलं."

"पण बाहेर मी नाही आले," मासोळी म्हणाली. "ती आली."

धाकटीला नवऱ्याचा चेहरा बघवेना. माणूस वाईट नव्हता. रात्ररात्र जागून परक्यांच्या पोरांचे मुरूम पुसणारा, गेलेल्या माणसांचे फाटके फोटो सांधणारा. लेकीच्या चेहऱ्यावर त्यानं जितका वेळ घालवला असेल तितका कुणावरच घालवला नसेल. प्रेमानंच केलं होतं.

"एवढं काय झालं त्यात?" सासूबाईंनी फोन परत केला. "कौतुकानंच केलं ना बापानं? छानच दिसतेय की."

"आई," नणंद म्हणाली, "आत्ता तू त्या पोरासाठी पदर ओला केलास."

"ते वेगळं! ती दुष्ट माणसं. आपण कुणाला तळघरात पाठवलंय का? सून सावळी आहे हे बघूनच आणली ना आम्ही? कधी एका शब्दानं बोलले का मी?"

"नाही," धाकटी म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "बोलला नाहीत, आई. फोटो मात्र असा लावलात, की माझ्या लेकीला मी त्यात ओळखू आले नाही."

सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

"बरं, आता हे पुरे," थोरले भाऊजी उठले. "छापायला गेलंय. उद्या सकाळी दारावर लागायचंय. आता थांबवलं तर छापखानेवाला मला दारात उभं करणार नाही. रविवारी मशीन चालू ठेवायला मीच त्याच्या हातापाया पडलोय. कोण बघतंय एवढं बारकाईनं?"

"मी," मासोळी म्हणाली. "मी बघणार. दारातूनच जायचंय मला. म्हणजे, गेले तर."

तिथे धाकटीचा धीर सुटला. "गेले तर म्हणजे? तू रोज जातेस आणि पाण्यात उतरत नाहीस, मला माहीत आहे! पोशाख कोरडा असतो. मला का नाही सांगितलंस? मी काय..."

"तिनं मला सांगितलं होतं," थोरली म्हणाली.

धाकटी गर्रकन वळली. "तुम्हाला माहीत होतं, वहिनी?"

"माझी गाडी आहे. ओली पोर बसते म्हणून मी सीटवर प्लास्टिक अंथरते. त्याची गरजच पडेनाशी झाली. मला काय डोळे नाहीत?"

"आणि मला एका शब्दानं..."

"तिनं शपथ घातली. आणि तुला सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस आणि घरात कुणाला झोपू दिलं नसतंस. पण एकटी नाही सोडली हं मी तिला. कापडाच्या दुकानांत फिरायचं सोडून तिथेच काचेबाहेर बसत होते तिच्याबरोबर. दोघी बसून बाकीच्यांना नावं ठेवायचो. ती उंच मुलगी उडी मारते ना, पोतं टाकल्यासारखी!"

मासोळीच्या ओठांचा कोपरा हलला. धाकटीला एकाच वेळी जावेच्या झिंज्या धराव्यात आणि तिच्या गळ्यात पडावं असं वाटलं. दोन्हीतलं काहीच जमलं नाही. ती पुन्हा नखं खाऊ लागली.

आता मामंजींनी धाकट्या मुलाला विचारलं, "उजेडाचं माप कुणाच्या चेहऱ्यावर घेतलं होतंस?"

"कोपऱ्यातल्या मुलीच्या. त्या उंच."

"ती कशी आहे वर्णानं?"

"सगळ्यांत गोरी." नवरा थांबला. "तुम्हीच शिकवलंत, बाबा. उजेड मोजायचा तो सगळ्यांत गोऱ्या चेहऱ्यावर. बाकीच्यांचं नंतर बघू."

"हो," मामंजी म्हणाले. "मीच शिकवलं. आणि मला माझ्या बाबांनी." खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकवून ते उठले. "मूळ फोटो आहे ना तुझ्याकडे? हात न फिरवलेला?"

"आहे."

"चल खाली. मासोळे, तूही चल. सगळेच चला."

"बाबा, छापखाना!" भाऊजींनी फोन हातात घट्ट धरला. "मी फोन करणार नाही हं. माझी पत राहणार नाही."

"नका करू," थोरली म्हणाली. तिनं स्वतःचा फोन काढून कानाला लावलासुद्धा. गल्ल्यावर तीच बसायची. सगळ्या धंदेवाल्यांचे नंबर तिला तोंडपाठ. "हॅलो, मी बोलतेय. तलावाचं बॅनर मशीनवर चढवू नका. नवीन पाठवतोय... हो, आजच... त्यांना विचारायचंय? त्यांना विचारा की, पण छापायचं मी सांगेन तेव्हा." फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "तुमची पत आहे तिथेच आहे. माझी वापरली."

भाऊजी सगळ्यांच्या मागून जिना उतरू लागले. कुरकुरत का होईना, पण उतरले.

स्टुडिओत पडदे, दिवे, बसायची स्टुलं. मामंजींनी सगळ्यांना पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं: एका टोकाला सासूबाई, दुसऱ्या टोकाला थोरले भाऊजी, आत थोरली, नणंद, धाकटी, मधे मासोळी. मग कपाटातून जुनं, हातात धरायचं उजेड मोजायचं यंत्र काढलं आणि नातीच्या हनुवटीखाली धरलं. एरवी हे यंत्र पहिल्यांदा सासूबाईंच्या गालाजवळ जायचं; घरात गोऱ्यापान त्याच. आज त्यांनी सवयीनं हनुवटी वर केली, ती तशीच राहिली.

"आता या मापावर काढ," मामंजी मुलाला म्हणाले. "दिवे हलवू नको. काही दुरुस्त करायचं नाही."

काढला. संगणकाच्या पडद्यावर फोटो आला. मासोळी जशीच्या तशी होती: गालावरचा तीळ, कपाळावरची जुनी खोक, डोळ्यांखालची तुकतुकी. तिच्याशेजारी धाकटीसुद्धा स्वच्छ दिसत होती. आणि दोन्ही टोकांना...

"अगं बाई!" सासूबाई ओरडल्या. "मला नाकच नाही!"

खरंच नव्हतं. पिठात बुडवून काढल्यासारखा सपाट पांढरा गोल, त्यात दोन डोळे. थोरल्या भाऊजींच्या टकलाला तर कडच उरली नव्हती. डोकं थेट मागच्या पडद्यात विरघळलं होतं.

"दादा, तू गेलासच," नणंद म्हणाली.

"बसा आता जरा बाकीच्यांत," मामंजी म्हणाले. "तुमचं नंतर बघू."

मासोळी हसली. आधी नाकातून, मग पोट धरून, मग खाली बसून. "आजी भूत! काका टरबूज!" सासूबाईंनी रागावायचा प्रयत्न केला. "पुसा बाई तो आधी, कुणी बघेल," असं म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. मग हसू ओसरलं, तरी त्या फोटोकडे बघत राहिल्या. नाकाला हात लावून पाहिला.

"दोन्ही साधता येतं," मामंजी मुलाला हळूच म्हणाले. "दिव्याची जागा बदलावी लागते, एक दिवा जास्त लागतो. तेवढे कष्ट आपण घेतले नाहीत एवढंच."

नवऱ्यानं मूळ फोटो उघडला. मासोळीला शेजारच्या स्टुलावर बसवलं. तो तिच्याकडे बघायचा, पडद्याकडे बघायचा, पुन्हा तिच्याकडे. "एवढी?" "अजून थोडी मी." "अशी?" "हां. नाही, जरा मागे. हां." रंगारी भिंतीचा रंग ठरवतात तसे बापलेक बोलत होते. धाकटी मागे उभी राहून बघत होती, आणि जीव काही थाऱ्यावर येत नव्हता. लेक अजून उद्या जाईन असं म्हणाली नव्हती.

"आई," मासोळीनं मान न वळवता विचारलं, "तुझा लग्नातला फोटो पण बाबांनीच केला?"

"हो."

"तुला राग आला होता?"

हो म्हणणं किती सोपं होतं. नवऱ्याचा हात थांबला होता. तोही ऐकत होता.

"नाही," धाकटी म्हणाली. "मला फार छान वाटलं होतं तेव्हा."

"आणि आता?"

"आता कसंतरीच वाटतंय. तू विचारल्यापासून."

मासोळीनं यावर विचार केला. "राहू दे तो," ती म्हणाली. "पण शेजारी खरा लाव."

नवा फोटो छापखान्यात पाठवून सगळे वर आले तेव्हा सिनेमा आपला आपण संपून गेला होता. काळ्या पडद्यावर नावं वर सरकत होती. तो मुलगा जिंकला की हरला, हे घरात कुणालाच कळलं नाही. "लावू का परत?" नणंदेनं विचारलं. "नको गं," सासूबाई म्हणाल्या, "जिंकलाच असेल. सिनेमा आहे तो." आणि दिवाणावर बसताना त्यांनी पहिल्यांदा त्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी लेक उठली, काही न बोलता दूध प्यायली, पिशवी उचलून थोरलीच्या गाडीत जाऊन बसली. जाशील ना पाण्यात, हे धाकटीच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. रोजही अशीच तर जात होती.

मग काय काय केलं ते तिचं तिलाच आठवेना. कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा काढलं. चहा केला, तो ओट्यावरच निवला. दर गाडीच्या आवाजाला खिडकी. खाली नवऱ्यानं स्टुडिओ उघडल्याचा आवाज आला, पण तोही शटर अर्धंच वर करून रस्त्याकडे बघत उभा होता.

शेवटी गाडी वळली. दार उघडलं, आणि थोरलीचा आवाज तीन घरांपलीकडे ऐकू जाईल असा चढला.

"अगं, प्लास्टिक अंथरू तरी द्यायचंस! आख्खी सीट भिजवली कार्टीनं! ही आता वाळायची कधी? कुणी आहे का घरात? फडकं आणा!"

धाकटी हाताला लागेल ते फडकं घेऊन जिन्यावरून धावत सुटली.